मांडवीच्या गल्लीत, उत्तर खिशात घेऊन

पायातली चप्पल काढू नका. या सफरीचा एवढा एकच नियम, आणि तो कशासाठी हे थोड्या वेळाने कळेलच. बाकी सगळं इथेच ठेवा: मोबाइल, पाकीट, पाण्याची बाटली. डोक्यात मात्र शाळेत शिकलेलं एक साधं वाक्य घेऊन चला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. तुम्हाला हे माहीत आहे, आपण जातोय तिथे कोणालाच माहीत नाही. म्हणजे आज त्या सबंध शहरात सर्वांत शहाणे तुम्हीच. बघू या त्या शहाणपणाला तिथे काय भाव येतो.

उतरा.

मुंबई, मांडवी, 1896 चा डिसेंबर. आधी वास येतो. कोंदट धान्याचा, ओल्या गोणपाटाचा, बैलांच्या मुताचा, हिंगाचा, खाऱ्या वाऱ्याचा. या सगळ्यांवर चढलेला आणखी एक बोचरा, औषधी वास नाकातून थेट घशात उतरतो. ते कार्बॉलिक. त्याची नीट ओळख पुढे होईल. गल्ली इतकी चिंचोळी की समोरून खटारा आला की दुकानाच्या फळीवर चढावं लागतं. चढा लवकर. "बाजू, बाजू!" पाठीवर गोण घेतलेला हमाल जाता जाता आपला घाम तुमच्या बाहीला पुसून जातो. डिसेंबर असूनही या गल्लीत गारवा शिरत नाही. दोन्ही बाजूंना चार-चार मजले उभे आहेत, तळाशी वखारी आणि वर माणसं. कच्छी आडते, भाटिये व्यापारी, रत्नागिरीचे, साताऱ्याचे, काठेवाडचे लोक. पाच भाषांतला आरडाओरडा एकाच वेळी कानावर पडतो, पण भाव ठरवताना मात्र सगळ्यांचं सगळ्यांना बरोबर कळतं.

वखारीच्या तोंडाशी एक उंदीर मरून पडलाय. त्याच्यापुढे आणखी एक. हमाल पायाने त्यांना बाजूला सारतो आणि गोण उतरवतो.

"हे रोज असंच?" तुम्ही विचारता.

"आता काय न्हाई, पाव्हणं. श्रावणापास्नं पडत्यात. पावसाळ्यात तर गोण हलवली की खालून टोपलीभर निघायची." तो मिशीवरचा घाम निपटतो. "उंदरं सरली, आन् मग मान्सं लागली पडाया."

ऐकलंत? पुढे दहा वर्षं मोठमोठे विद्वान ज्या क्रमाचा छडा लावणार आहेत, तो क्रम या माणसाने तुम्हाला दोन वाक्यांत सांगितला. त्याने हे कोणाला सांगितलेलं नाही, कारण त्याला कोणी विचारलेलं नाही. आणि आपण काही फार मोठं सांगितलं असं त्यालाही वाटत नाही. गोणीबरोबर तो ती गोष्टही खाली ठेवतो आणि दुसरी गोण आणायला जातो.

आता वर चला. जिना लाकडी, अंधारा. कठडा हाताला चिकटतो. भरदुपारी कंदील लागतो इथे. मागच्या अंगाला घरगल्ली आहे, म्हणजे दोन इमारतींमधली हातभर फट. सगळ्या मजल्यांवरचं सांडपाणी आणि खरकटं तिच्यात पडतं. खिडकी उघडली की तिची हवा आत येते, लावून घेतली तर चुलीचा धूर बाहेर जात नाही. एका खोलीत सात माणसं. दोरीवर ओले कपडे, कोपऱ्यात ज्वारीचं पोतं, सारवलेली जमीन. बसा. सारवणाचा गारवा बरा वाटतो, आणि तेवढ्यात घोट्याशी काहीतरी चावतं. खाजवा खुशाल, इथे सगळेच खाजवतात.

भिंतीलगत सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पडलाय. डोळे लालबुंद, बोलताना जीभ अडखळते. अंगावर हात ठेवला की चटका बसतो. त्याची आजी तुमचं मनगट धरून बोटं त्याच्या जांघेपाशी नेते. आत टणक गाठ आहे. बोट लागताच मुलगा किंचाळतो आणि तुम्ही हात मागे घेता.

"वैद्य म्हणाला शेक दे," आजी म्हणते. "डाक्तर म्हणाला हलवू नको. म्युन्शिपाल्टीचा माणूस म्हणतो इस्पितळात टाक. तुला काय वाटतं, बाळा?"

तुम्हाला जे वाटतं त्याचा या मुलाला आता काही उपयोग नाही. जिना उतरून खाली या.

या गाठीला तिचं खरं नाव देणारा डॉक्टर याच मांडवीत दवाखाना चालवतो. अकासियो गॅब्रियल व्हिएगस, मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. सप्टेंबरात त्यांनी असे रोगी पाहिले आणि हा गाठीचा प्लेग आहे असं उघड सांगून टाकलं, तेव्हा अधिकारी तो शब्द उच्चारायलाही कचरत होते. प्लेग म्हटलं की जहाजं थांबतात, व्यापार थांबतो. त्यांचा पुतळा तुम्ही धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर पाहिला असेल. बहुधा बसमधून, आणि कोणाचा आहे हे न वाचता.

रोगाला नाव मिळालं. जंतूही सापडलेला आहे: दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिनने तो सूक्ष्मदर्शकाखाली पकडला. नाव आहे, जंतू आहे. तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, एवढंच कळत नाही. आणि हे कळत नसल्यामुळे मांडवीत सध्या ज्याला त्याला ते कळलेलं आहे.

नळावर या. पाण्याला रांग आहे, म्हणजे सभाच भरली आहे.

"धान्याचं विष आहे हो," एक कारकून म्हणतात. "सुरुवात कुठे झाली? दाणेबाजारात." पटतं की नाही? "गटारांचा वायू," दुसरे म्हणतात, "पाऊस झाला, मोऱ्या तुंबल्या, वायू वर आला." वास तुमच्या नाकात आहेच, त्यामुळे हेही पटतं. तिसऱ्याचा सिद्धान्त सर्वांत चलाख. बहुतेकांना गाठ जांघेत येते, जांघेतली गाठ सुजते ती पायाला जखम झाली की. साहेबलोक बूट घालतात आणि त्यांना क्वचितच लागण होते, आपण अनवाणी आणि पटापट मरतो. तेव्हा विष जमिनीत आहे आणि तळपायातून शिरतं! सगळे माना खाली घालून आपापले पाय बघतात, आणि मग तुमच्या चपलेकडे. आता कळलं, मी चप्पल पायातच का ठेवायला सांगितली? या सिद्धान्तानुसार रांगेत सुरक्षित तुम्ही एकटेच. आणि हे काही केवळ नळावरचं बोलणं नव्हे. चांगले शिकलेले डॉक्टरही जमिनीतल्या विषावर गंभीरपणे चर्चा करताहेत, घरांच्या जमिनी खणून टाकाव्यात की काय याचा विचार करताहेत.

आता तुमची पाळी. घसा खाकरा आणि बोला.

"उंदरांवरच्या पिसवा. उंदीर मेला की त्याचं अंग थंड पडतं, पिसवा त्याला सोडतात आणि माणसाला चावतात."

क्षणभर शांतता. मग एक म्हातारी हसते, तिच्यामागून सगळी रांग.

"अरे, पिसवा माझ्या सासूच्या वेळेपासून आहेत घरात. मग हे मरण आत्ताच कुठून आलं?"

"पिसवा सगळ्यांना चावतात. आमच्या खोलीत सात जण, गाठ एकाला. ते कसं?"

रांगेच्या टोकाला ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकणारा एक पारशी मुलगा उभा आहे. तो हसत नाही, आणि त्याचे प्रश्न जास्त बोचतात. आर्थर रोडच्या इस्पितळात प्लेगचे रोगी खाटेला खाट लावून पडले आहेत. परिचारिका त्यांना पुसतात, नातेवाईक उशाशी बसून असतात, आणि त्यांतल्या फारच थोड्यांना लागण होते. घरापेक्षा प्लेगचं इस्पितळच बरं, हे कसं? तुमच्याकडे उत्तर आहे: इस्पितळात उंदीर नाहीत. "तुम्ही मोजलेत?" तो विचारतो. नाही. "पिसूच्या पोटात जंतू पाहिलात?" नाही. "प्लेगच्या उंदरावरची पिसू निरोगी जनावराला चावली आणि ते मेलं, असं घडताना पाहिलंत?" नाही. "मग तुम्हाला हे कळलं कुठून?"

"शाळेत शिकलो."

"कुठल्या शाळेत?" तो अगदी अदबीने विचारतो.

रांग पुढे सरकते. तुमची घागर नाही, तेव्हा तुम्हाला बाजूला व्हावं लागतं.

वाईट वाटून घेऊ नका, पण त्यांचं काही चुकलेलं नाही. आज ही माणसं तुमच्यावर विश्वास ठेवतील तर उद्या येणाऱ्या ताईत विकणाऱ्यावरही ठेवतील. तुमच्याकडे आहे ते नुसतं बरोबर वाक्य. त्याला आधार द्यायला उंदीर मोजणारे लोक हवेत, पिसवांच्या जाती ओळखणारा कोणी हवा, पिंजरे, नकाशे, भांडणारी दोन-तीन मतं आणि ती भांडणं छापणारी नियतकालिकं हवीत. यातलं काहीच अजून नाही. उलट नळावरच्या प्रत्येक चुकीच्या सिद्धान्ताच्या बुडाशी एक खरं निरीक्षण आहे. साथ दाणेबाजारात सुरू झाली हे खरं, कारण दाण्याला उंदीर येतात. घरातल्या जमिनीत काहीतरी आहे हेही खरं, कारण पिसूची अंडी आणि अळ्या तिथल्याच धुळीत वाढतात. बूट घालणारे वाचतात, कारण त्यांचे बंगले ऐसपैस असतात आणि छपरात उंदरांची वस्ती नसते. सगळे तुकडे रांगेत हजर आहेत, ते एकमेकांना भेटलेले नाहीत इतकंच.

मागे सरका, बंब आला!

कार्बॉलिकशी ओळख करून द्यायची राहिली होती ना? ही ती. समुद्राच्या पाण्यात हे जंतुनाशक मिसळून पंपांनी गटारात सोडलं जातंय, दिवसाला लाखो गॅलन. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, पायाखालून पांढुरकं पाणी खळाळत जातं. गल्लीत जाळ पेटलेत. गोधड्या, चटया, चिंध्या त्यात जाताहेत, आणि कापूस जळल्याचा जाड धूर गळ्याशी बसतो. भिंतींना चुना लागतोय. छपरांवर माणसं चढली आहेत आणि कौलं उतरवताहेत, ऊन आत यावं म्हणून. आजीच्या खोलीत बांधल्यापासून पहिल्यांदा सूर्य आलाय आणि तिची काळी भांडी चमकताहेत; ती मात्र डोक्यावरच्या भोकाकडे बघून शिव्या देते आहे. काही दारांवर रंगाने इंग्रजी अक्षरं उमटली आहेत, यू. एच. एच. माणसांनी राहण्यास अयोग्य. आत माणसं राहताहेत.

आता जरा गटाराच्या तोंडाकडे बघा, बंबाकडे नको. कार्बॉलिकच्या लोंढ्यापुढे ओले उंदीर बाहेर पडताहेत आणि भिंतीकडेने धावत पलीकडच्या गल्लीत शिरताहेत, जिथे अजून कोणी आजारी नाही. गटारं धुण्यामागचा हेतू उत्तम होता, तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे उपायही रास्त होता. आणि त्याने साथ पसरायला हातभार लावला असावा, असं पुढे बऱ्याच जणांनी म्हटलं आहे. कौलं उतरवणं मात्र उपयोगी पडलं असणार. ते केलं उजेडासाठी, पण छपरातल्या उंदरांचा संसार मोडला. चुकीच्या कारणासाठी केलेलं बरोबर काम. त्या हिवाळ्यात अशी कामं पुष्कळ झाली आणि उलट प्रकारचीही.

आता बोरीबंदर स्टेशनावर, पण तिथे फार वेळ थांबायचं नाही, चेंगरायला होतं. निम्मं शहर पळत सुटलंय. ट्रंका, पितळी हंडे, शेळी, तुळशीचं रोप, कडेवर पोरं. फाटकापाशी डॉक्टर बगला आणि जांघा चाचपतात. बायका पदर घट्ट धरून रडतात, पुरुष ओरडतात. ताप असलेला माणूस बाजूला काढला जातो. गाठोड्यातल्या गोधडीत बसलेले बिनतिकिटाचे प्रवासी कोणी तपासत नाही. त्यांना तपासायचं असतं हे अजून कोणाच्या ध्यानीमनी नाही, तुमच्याखेरीज, आणि तुमचं कोण ऐकतंय!

गाडी घाटावर येते, तिच्यातून साथही येते. एक-दोन हिवाळे पुढे सरका आणि सातारा भागातल्या कुठल्याही गावात उतरा. गाव रिकामं, दारांना काट्या लावलेल्या, आणि सगळी वस्ती माळावर कडब्याच्या खोपटांत. रात्री अंगाखाली कडबा टोचतो, थंडी हाडात शिरते, कोल्हे जवळ येऊन ओरडतात, पोरांना मात्र जत्रा वाटते. घरातले उंदीर पडू लागले की बाहेर पडायचं, एवढंच या लोकांना माहीत आहे. हिमालयात गढवालच्या डोंगरांतले गावकरी तर मुंबईत प्लेग येण्याच्या कितीतरी आधीपासून हेच करत आलेत. उंदीर मरून पडला की गाव सोडायचं. कारण विचारलंत तर कोणी देवीचा कोप सांगेल, कोणी हवा. पण माळावर नव्या गाठी येत नाहीत. जंतू माहीत नाही, पिसू माहीत नाही, तरी माणसं जगली. माझ्या मते 1896 ते 1900 या काळात प्लेगबद्दलचं सर्वांत उपयोगी ज्ञान कुठल्या प्रयोगशाळेत नव्हतं, ते या खोपटांत होतं. फक्त ते का खरं आहे हे त्याचं त्याला ठाऊक नव्हतं. त्यामुळे सरकारने हाच उपाय सक्तीने केला तेव्हा लोकांना तो छळ वाटला.

परत मुंबईत, भायखळ्याला. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली आणि तिच्यापुढची पडवी. इथे वाल्देमार हाफकिन काम करतोय. ओडेसात जन्मलेला, पॅरिसात काम केलेला, कॉलऱ्याची लस घेऊन बंगालात हिंडलेला. हाताखाली एक कारकून आणि तीन नोकर, तेही या कामात नवखे. खोलीत उकडतंय, मांसाच्या रश्शाचा वास भरलाय. बोकडाच्या मांसाचा रस्सा, कारण इथल्या लोकांना टोचायच्या लशीत गोमांस चालणार नाही एवढं त्याला कळतं. हे बरणीतलं बघा, पण हात लावू नका. रश्श्यावर तुपाचे थेंब टाकले आहेत आणि प्रत्येक थेंबाखाली शेवयांसारखे पांढरे धागे लोंबताहेत. ते प्लेगचे जंतू. बरणी हलवली की धागे तुटून खाली बसतात आणि तुपाखाली नवे धरू लागतात. पुरेसे साठले की गरम करून मारायचे आणि टोचायचे.

10 जानेवारी 1897 ला त्याने आधी स्वतःला टोचून घेतलं, पुढे जे इतरांना द्यायचं त्याहून बरंच जास्त. ताप चढला, बाजू ठणकली, तो कामावर आला. महिना संपायच्या आत भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली आणि तिथल्या कैद्यांपैकी जे स्वखुशीने पुढे आले त्यांना लस मिळाली. टोचलेल्यांमध्ये नंतर लागण कमी झाली. लस पूर्ण नव्हती, पण चालत होती.

इथे क्षणभर थांबून एक गोष्ट टिपून ठेवा. रोग कसा पसरतो हे हाफकिनला ठाऊक नाही. लस तयार झाली ती त्या प्रश्नाला वळसा घालून. शास्त्राची वाटचाल आपल्याला पाठ्यपुस्तकात पायरी-पायरीने दाखवतात: आधी कारण, मग उपाय. त्या पडवीत असं काही दिसत नाही. कोणी तिसऱ्या पायरीवर बसलंय, कोणी पाचव्या, पहिली अजून बांधायची आहे.

याच सुमाराला मुंबईत परदेशी पाहुण्यांची रीघ लागते. खुद्द जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख येऊन जातो. व्हिएन्नाचे डॉक्टर येतात आणि अभ्यासासाठी जंतू बरोबर घेऊन जातात. पुढच्या वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेत तेच जंतू निसटतात आणि डॉक्टरासकट माणसं मरतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेचा पॉल-लुई सिमाँ इथे रोगी बघता बघता एका बारीकशा फोडापाशी थांबतो. काही रोग्यांच्या अंगावर गाठीच्या खालच्या बाजूला तो असतो आणि चावल्याच्या खुणेसारखा दिसतो. 1898 च्या जूनमध्ये, कराचीत, तो काचेच्या बरणीत प्लेगचा उंदीर ठेवतो, त्याच्या अंगावर पिसवा असतील याची खात्री करून. उंदीर मरायला टेकला की जाळीपलीकडे निरोगी उंदीर सोडतो. शिवायचं नाही, एकत्र खायचं नाही. जाळीतून जाईल ती पिसूच. दुसरा उंदीर काही दिवसांत मरतो.

झालं, सापडलं उत्तर! तुम्ही टाळी द्यायला हात पुढे कराल, पण हात तसाच राहील. इतरांना तो प्रयोग पुन्हा करून जमत नाही. सरकारने नेमलेला आयोग सगळं तपासून सांगतो की पिसवांचा विचार करायचं कारण दिसत नाही. सिमाँची गत तुमच्या नळावरच्या गतीहून थोडीच बरी. त्याच्याकडे निदान बरणी होती.

आता उडी मोठी घ्या. 1906, परळ.

जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या आवारात आलो आहोत. गव्हर्नर राहायचे तिथे आता जंतू राहतात. हाफकिनच्या वेळीच प्रयोगशाळा इथे आली. तुम्हाला आज इथे मदतनीस म्हणून लावलंय, तेव्हा बाह्या वर करा. पहिलं काम उंदरांचं. शहरभरातून रोज मेलेले उंदीर डब्यांतून येतात, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली: कुठली गल्ली, कुठलं घर. कार्बॉलिक, सडका मेद आणि ओल्या केसांचा वास. दुपारपर्यंत जेवणाची वासना उडते. एकेक उंदीर फाडून तपासायचा. वर्षभरात लाखाहून अधिक झाले. नोंद नकाशावर चढवणारा दुसरा, माणसांचे मृत्यू त्याच नकाशावर मांडणारा तिसरा. आधी गटारातल्या मोठ्या उंदरांत साथ येते, मग घरातल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर माणसांत. मांडवीतल्या हमालाने सांगितलेलं, आता तारखांसकट कागदावर आलं.

गिनिपिगांकडे चला, तिथे वास बरा आहे, गवताचा. डब्ल्यू. ग्लेन लिस्टन नावाच्या डॉक्टरची ही युक्ती. चाळीत उंदीर मेले आणि माणसं सोडून गेली की रिकाम्या खोलीत गिनिपिग मोकळे सोडायचे. उपाशी पिसवा त्यांच्यावर चढतात. मग गिनिपिग आणायचा आणि त्याच्या अंगावरच्या पिसवा वेचून ओळखायच्या. निघतात त्या बहुतेक उंदरांवरच्या, आणि त्यांच्या पोटात प्लेगचे जंतू.

पण माझी सर्वांत लाडकी गोष्ट ही आवारातली सहा बुटकी खोपटं. सगळी सारखी, फक्त छपरं वेगळी. दोन देशी कौलांची, ज्यांच्यात उंदीर आनंदाने नांदतात. दोन सपाट कौलांची, जिथे जरा अडचणीने राहतात. दोन पन्हाळी पत्र्याची, जिथे उंदरांना थाराच नाही. छताखाली बारीक तारेची जाळी, म्हणजे उंदीर आणि त्यांची घाण खाली पडू नये, पण पिसू पडावी. आत एकत्र गिनिपिग सोडले, काही प्लेग दिलेले, काही धडधाकट. कौलांखालचे धडधाकट गिनिपिगही मरू लागले. पत्र्याखालचे आजाऱ्यांना खेटून बसले, त्यांच्या मुतात भिजलेलं गवत खाल्लं, आणि ठणठणीत राहिले. गटाराचा वायू, जमिनीतलं विष, स्पर्श, दूषित अन्न, नळावरची सगळी सभा त्या पत्र्याखाली एका झटक्यात निकालात निघाली.

तरी माणसं थांबत नाहीत. पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला तर आतला गिनिपिग दगावतो, दोन फुटांवर टांगला तर मजेत राहतो; पिसूची उडी तेवढी पोचत नाही. प्लेगच्या घरात माकडाचा पिंजरा ठेवून त्याच्याभोवती चिकट कागदाचा पट्टा अंथरतात, दुसऱ्या पिंजऱ्याला तो नसतो. सकाळी तुम्ही चिमट्याने कागदावरच्या पिसवा उचलता, एकेक करून. पाठ मोडते. चिकटा बोटांना लागला की दिवसभर सुटत नाही. पण आता नळावरच्या त्या पारशी मुलाच्या प्रश्नांना, मोजलंत का, पाहिलंत का, चावताना पाहिलंत का, तिन्हींना होकारार्थी उत्तर देता येतं. 1896 च्या नळावर तुम्ही एकटे होतात. इथे तुमच्या बाजूने लिस्टन, पिसवांचे जाणकार, नकाशावाले, पत्र्याची छपरं आणि काही शे गिनिपिग उभे आहेत.

आता परतायचं म्हणाल तर थोडं थांबा, कारण तुम्ही नेलेलं वाक्यही इथून तसंच परत येत नाही. पिसूने रोग पसरतो, तर मद्रासेत पिसवा आणि उंदीर असून प्लेग फारसा का फोफावला नाही? पुढे कळलं की तिथल्या उंदरांवरची पिसू वेगळ्या जातीची होती आणि ती हे काम नीट करत नव्हती. एकाच घरात सात जणांना चावून एकालाच गाठ का, हा नळावरच्या रांगेतला प्रश्न 1914 पर्यंत तसाच राहिला. मग बॅकॉट आणि मार्टिन या दोघा संशोधकांनी दाखवलं की काही पिसवांच्या पोटाच्या तोंडाशी जंतूंचा गोळा अडकतो. रक्त आत जात नाही, पिसू भुकेने पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक वेळी अडलेलं जंतूंसकट परत ओकते. त्यावरही पुढे दुरुस्त्या झाल्या. चौदाव्या शतकातल्या युरोपच्या साथीत उंदरांपेक्षा माणसांच्या अंगावरच्या पिसवांचा आणि उवांचा हात असावा, असा दावा काही संशोधकांनी 2018 मध्ये केला, आणि त्यावरचा वाद चालू आहे.

मुंबईच्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये हाफकिनचं नाव मिळालं. ती संस्था आजही परळलाच आहे. 2015 मध्ये दुसऱ्याच कोणी, दुसऱ्याच देशात, युरोप-आशियातल्या सुमारे 5000 वर्षं जुन्या सांगाड्यांच्या दातांतून प्लेगच्या जंतूचा डीएनए वाचला. पिसूच्या पोटात तग धरायला लागणारं जनुक त्या जुन्या जंतूत नव्हतं. प्लेग होता, माणसं मरत होती, पण पिसू त्याला अजून सापडलेली नव्हती. मग तो एका माणसातून दुसऱ्यात जात कसा होता, याचं पक्कं उत्तर अजून कोणाकडेही नाही.